बीकन नवा, पण नोंद कुणाच्या नावावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हेलिकॉप्टर किंवा छोटं विमान पडलं की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोन वाक्यं हमखास असतात. एक, ब्लॅक बॉक्सचा शोध सुरू आहे. दुसरं, विमानातून धोक्याचा इशारा मिळाला, किंवा मिळालाच नाही. हा इशारा देणारं यंत्र कोणतं, ते विमानात कुठे असतं, त्याचा आवाज नेमका कोण ऐकतं, याबद्दल एक ओळही नसते. मी आयुष्यभर विमानांचे रेडिओ दुरुस्त केले. आधी हवाई दलात रेडिओ फिटर म्हणून आणि तिथून निवृत्त झाल्यावर खासगी हेलिकॉप्टरांच्या हँगरमध्ये. त्या यंत्राला आम्ही ईएलटी म्हणतो, किंवा नुसतं बीकन. त्याच्याविषयी एक गोष्ट लोकांपर्यंत पोहोचायला हवी असं फार दिवस वाटतं आहे, म्हणून हे पत्र. लांबलं आहे, पण कृपया काटछाट न करता छापावं.

आधी एक गैरसमज दूर करतो. ब्लॅक बॉक्स आणि बीकन ही दोन वेगळी यंत्रं आहेत. ब्लॅक बॉक्सला एक छोटा पिंगर जोडलेला असतो. तो पाण्यात बुडाल्यावरच टिकटिकायला लागतो, ३७.५ किलोहर्ट्झवर. जमिनीवर त्याचा काडीचाही उपयोग नाही. बीकनचं उलट आहे. त्याच्या रेडिओलहरी हवेतून आकाशात जातात आणि समुद्रात बुडालं की तो मुका होतो. २०१४ च्या मार्चमध्ये बेपत्ता झालेल्या मलेशियाच्या एमएच३७० विमानात चार बीकन होते. एकाचाही आवाज कुठे पोहोचला नाही.

आता जुना बीकन आणि नवा बीकन यांत फरक काय, ते सांगतो. अमेरिकेत छोट्या विमानांवर बीकन सक्तीचे झाले ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. १९७२ च्या ऑक्टोबरात अलास्कात हेल बॉग्स आणि निक बेगिच हे अमेरिकी संसदेचे दोन सदस्य ज्या विमानात होते ते नाहीसं झालं. ३९ दिवस शोध चालला. आजतागायत एक पत्रासुद्धा मिळालेला नाही. त्या पिढीचे बीकन १२१.५ मेगाहर्ट्झवर बोलायचे. ही विमानांची आपत्कालीन फ्रिक्वेन्सी. वरून जाणारे वैमानिक ती कानावर ठेवतात. बीकन सुरू झाला की वरून खाली घसरत येणारा सायरनसारखा सूर सतत वाजत राहायचा. ताकद एका वॅटचा जेमतेम दहावा भाग. त्या सुरात नाव नाही, गाव नाही. कुठल्या विमानाचा, कुठल्या देशाचा, खरा की खोटा, काहीही कळायचं नाही.

आणि खोटे फार असायचे. शंभरातले सत्त्याण्णव इशारे खोटे, असा हिशेब निघाला होता. विमान जरा जोरात टेकलं की वाजला. हँगरमध्ये कुणाचा धक्का लागला की वाजला. अमेरिकेत तर एटीएम, पिझ्झाच्या भट्ट्या आणि स्टेडियममधले धावफलकसुद्धा त्या फ्रिक्वेन्सीवर गोंगाट करताना सापडले. उलट खरा अपघात झाला की पहिल्या पिढीचे बीकन चारांत एकदाही धड चालायचे नाहीत. आतला जी-स्विच, म्हणजे आदळल्याचा झटका ओळखून बीकन सुरू करणारा खटका, तेव्हा भरवशाचा नव्हता. नको तेव्हा बसायचा आणि हवा तेव्हा अडकून राहायचा.

हे सूर आकाशातून ऐकायला उपग्रह आले ते १९८२ साली. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ, शीतयुद्ध ऐन भरात असताना, एकत्र बसले आणि कोस्पास-सारसॅट नावाची यंत्रणा उभी राहिली. पहिला उपग्रह सोव्हिएत संघाचा. तो जूनअखेरीला वर गेला आणि सप्टेंबरात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरात पडलेल्या एका छोट्या विमानातले तीन जण त्याच्यामुळे सापडले. तेव्हापासून या यंत्रणेने जगभरात ५० हजारांहून जास्त माणसं वाचवली आहेत, विमानातली, बोटीवरची, डोंगरातली. आमच्या धंद्यातल्या माणसाला याहून अभिमानाची गोष्ट दुसरी नाही.

उपग्रह ठिकाण कसं काढायचे? घोरपडीच्या फाटकावर उभं राहिलं की येणाऱ्या गाडीचा भोंगा चढा ऐकू येतो आणि गाडी पुढे गेली की उतरतो, तेच गणित. फक्त इथे भोंगा जमिनीवर स्थिर आणि ऐकणारा आकाशातून धावतो. सूर किती चढला, किती उतरला यावरून जागा काढायची. पण त्यासाठी मुळात भोंग्याचा सूर स्थिर हवा. जुन्या बीकनचा सूर तापमानासरशी सरकायचा, त्यामुळे जागेत १५-२० किलोमीटरची चूक सहज यायची. शिवाय उपग्रह ते आवाज साठवून ठेवत नसत. ज्या क्षणी तो बीकनवरून जातो आहे, त्याच क्षणी जमिनीवरचं केंद्रही त्याच्या टप्प्यात असेल तरच उपयोग. मोठमोठ्या समुद्रांवर असा योग नव्हताच.

नवा बीकन ४०६ मेगाहर्ट्झवर चालतो. तो रडत राहत नाही. साधारण दर ५० सेकंदांनी अर्धा सेकंद बोलतो, पण पाच वॅटने, म्हणजे पन्नास पट जोराने. त्याची फ्रिक्वेन्सी इतकी स्थिर असते की नुसत्या त्या भोंग्याच्या गणितानेही जागा पाचेक किलोमीटरच्या आत येते. बीकनला जीपीएस जोडलेलं असेल तर शंभर मीटरच्या आसपास. आणि उपग्रह तो संदेश साठवून पुढच्या केंद्राला देतो, त्यामुळे पृथ्वीचा कुठलाही कोपरा सुटत नाही.

हे आकडे कागदावर किरकोळ वाटतात. पुण्याचा नकाशा घ्या आणि कंपासचं टोक पौडवर ठेवा. २० किलोमीटरच्या वर्तुळात इकडे बावधन, तिकडे मुळशीचं धरण, खाली लवासा, वर तिकोना एवढं सगळं येतं; साडेबाराशे चौरस किलोमीटर डोंगर, पाणी आणि रान. पाच किलोमीटरचं वर्तुळ काढा, क्षेत्र ८० चौरस किलोमीटरच्या आत येतं. शंभर मीटरचं काढायला जाल तर पेन्सिलचा ठिपकाच त्याहून मोठा पडेल. जुलै-ऑगस्टमध्ये ताम्हिणीत धुकं उतरलं की दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही, ढग खाली असले की शोधाचं हेलिकॉप्टर उठत नाही. अशा वेळी चालत जाणाऱ्या तुकडीला यांतलं कुठलं वर्तुळ हातात दिलं आहे, त्यावर जखमी माणसाचा जीव ठरतो.

पुणे जिल्ह्याला हे नवं नाही. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर आलितालियाचं डीसी-८ विमान मुंबईला उतरायला येताना जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. ९४ माणसं गेली. अलीकडचं म्हणाल तर ऑगस्ट २०२४ मध्ये पौडजवळ हेलिकॉप्टर पडलं, सुदैवाने चौघेही वाचले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सकाळच्या धुक्यात बावधनला पडलं, त्यात तिघे गेले. ही दोन्ही ठिकाणं वस्तीजवळ होती, शोधत बसावं लागलं नाही. हेच एक-दोन डोंगर पलीकडे झालं असतं तर? २००९ मध्ये आंध्रचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचं हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात सापडायला दुसरा दिवस उजाडला. २०१९ मध्ये जोरहाटहून मेचुकाला निघालेलं हवाई दलाचं एएन-३२ आठ दिवसांनी दिसलं, आत १३ जण होते. त्या आठ दिवसांत त्यांच्या घरच्यांनी काय सोसलं असेल, हे हवाई दलात राहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितो आहे त्यावर येतो. नवा बीकन ताकदीने मोठा आहे, अचूक आहे, हे सगळं खरं. पण त्याची खरी कमाई वेगळी आहे. तो आपण कोण ते सांगतो. त्या अर्ध्या सेकंदात १५ अंक-अक्षरांचा एक क्रमांक जातो आणि त्यात देशाचा संकेतांक असतो, भारताचा ४१९. हा इशारा आपल्याकडे बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात येतो. ऐकणारी जमिनीवरची स्टेशनं बेंगळुरू आणि लखनौला आहेत. तिथला माणूस तो क्रमांक नोंदवहीत बघतो. मालक कोण, विमान कोणतं, तळ कुठे, आणि फोन कुणाला करायचा, हे तिथे लिहिलेलं असतं. तो फोन फिरवतो. 'साहेब, आमचं हेलिकॉप्टर हँगरमध्येच आहे, मेकॅनिकचा हात लागला असेल' असं उत्तर आलं की विषय मिटला. 'ते तर सकाळीच निघालंय, अजून पोहोचलं नाही' असं आलं की किती जण आहेत, कुठून कुठे निघाले, सोबत काय आहे, हे सगळं दोन मिनिटांत हाती येतं आणि शोध-बचावाची चक्रं फिरायला लागतात. जुन्या बीकनच्या वेळी खऱ्या-खोट्याची खात्री करण्यातच तास जायचे.

म्हणजे सगळी मदार त्या नोंदीवर. आणि तिथेच आपण ढिले आहोत.

मी खासगी हँगरमध्ये असताना एक वापरलेलं हेलिकॉप्टर परदेशातून विकत घेऊन आणलेलं होतं. वार्षिक तपासणीला बीकन शेपटीतून काढला. केशरी डबा, झाकणावर लेबल, बॅटरीची तारीख चालू, सगळं देखणं. टेस्टर लावला आणि स्विच टेस्टवर नेला. नव्या बीकनमध्ये ही सोय फार चांगली आहे, चाचणीचा संदेश वेगळ्या खुणेने जातो आणि उपग्रह त्याला संकट समजत नाही. पडद्यावर १५ अक्षरं आली. सुरुवातीचा भाग उलगडून पाहिला तर देशाचा संकेतांक ४१९ नव्हता, आधीच्या मालकाच्या देशाचा होता. म्हणजे हे यंत्र वेल्ह्याच्या डोंगरात आदळलं असतं तर ठिकाण कळलं असतं, पण फोन सात समुद्रापार एका अशा माणसाला गेला असता ज्याने ते केव्हाच विकलं होतं. मी ते कागदावर लिहून वर दिलं. उत्तर आलं, सिग्नल जातोय ना, मग झालं. पुढे क्रमांक बदलून घेतला खरा, पण त्यासाठी पुष्कळ भांडावं लागलं. नंतर दुसऱ्या एका मशिनच्या नोंदीत आणीबाणीचा फोन म्हणून नोकरी सोडून गेलेल्या एका कर्मचाऱ्याचा मोबाइल होता. ज्याने कुणी तो भरला असेल त्याने प्रामाणिकपणेच भरला असेल. बदलायचं मात्र कुणाच्याच यादीत नव्हतं.

१ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी १२१.५ ऐकणं कायमचं बंद केलं. नव्या बीकनमध्येही ती फ्रिक्वेन्सी असते, पण ती शेवटच्या टप्प्यासाठी. शोधपथक जवळ आलं की हातातल्या दिशाशोधकाने त्या सुराच्या मागे जात थेट डब्यापर्यंत पोहोचतं. एखाद्या जुन्या मशिनमध्ये आजही फक्त १२१.५ चाच डबा असेल तर त्याच्या मालकाने स्पष्ट समजून घ्यावं, की वरून जाणाऱ्या एखाद्या वैमानिकाने योगायोगाने ऐकलं तरच. उपग्रह ऐकणार नाही. २००७ मध्ये नेवाडातून एकटाच उडालेला जगप्रसिद्ध साहसवीर स्टीव्ह फॉसेट याच्या विमानात तसाच जुना बीकन होता. त्याचा सूर कुणालाही ऐकू आला नाही आणि अवशेष मिळायला वर्षाहून जास्त गेलं.

नवा बसवला म्हणून निर्धास्त राहायचं असंही नाही. २०१० च्या ऑगस्टमध्ये अलास्कात माजी सिनेटर टेड स्टीव्हन्स यांचं विमान डोंगरावर आदळलं. त्यात ४०६ चा बीकन होता. धक्क्याने तो आपल्या बैठकीतून निसटला, अँटेनाची केबल तुटून वेगळी झाली आणि संदेश बाहेर पडलाच नाही. नऊपैकी चार जण जिवंत होते आणि मदतीची वाट पाहत होते. त्यानंतर बीकन बांधायला वेल्क्रोचे पट्टे चालणार नाहीत असा नियम आला. नासाने २०१५ मध्ये तीन जुनी सेसना विमानं उंच सांगाड्यावरून मुद्दाम खाली आदळून पाहिली, ती याच प्रश्नासाठी: डबा टिकतो, पण केबल आणि अँटेना टिकतात का? मी हँगरमधल्या पोरांना सांगायचो, डब्याकडे नंतर बघा, आधी केबल हाताने चाचपा. कनेक्टरपाशी ती मुडपलेली आहे का, ताणलेली आहे का, डबा आणि अँटेना शेजारी शेजारी आहेत का. कारण शेपूट मोडली की दोघांच्या मधली जागाच आधी फाटते.

तंत्रज्ञान तर पुढे चाललंच आहे. पूर्वीचे उपग्रह हजारेक किलोमीटर उंचीवरून फिरायचे आणि डोक्यावर येईपर्यंत कधीकधी तासभर वाट पाहावी लागायची. आता अमेरिकेचं जीपीएस, युरोपचं गॅलिलिओ, रशियाचं ग्लोनास या जागा दाखवणाऱ्या यंत्रणांचे, वीसेक हजार किलोमीटर उंचीवरचे उपग्रहच हे ऐकण्याचं काम करतात. एकाच वेळी अनेक उपग्रहांना बीकन दिसतो, काही मिनिटांत जागा निघते. गॅलिलिओ तर २०२० पासून, ज्या बीकनमध्ये सोय आहे त्याला उलट 'तुमचा इशारा मिळाला' असा निरोपही पाठवतो. डोंगरात जखमी पडलेल्या माणसाला त्या एका निरोपाने किती धीर येईल, कल्पना करा. एमएच३७० नंतर मोठ्या प्रवासी विमानांसाठी आणखी एक पाऊल टाकलं गेलं. २७ टनांवरच्या नव्या विमानांत असा बंदोबस्त हवा, की विमान हवेतच वेडंवाकडं व्हायला लागलं तर आदळण्याची वाट न बघता किमान मिनिटामिनिटाला आपली जागा कळवत राहील. पण हा नियम मोठ्यांसाठी. आपल्या डोंगरांवरून उडणारी हेलिकॉप्टरं आणि शिकाऊ विमानं त्यात येत नाहीत. त्यांचा आधार म्हणजे तोच शेपटीतला केशरी डबा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पुणे परिसरातून हेलिकॉप्टर किंवा छोटी विमानं चालवणाऱ्या प्रत्येकाने पावसाळ्याआधी आपल्या बीकनचा क्रमांक टेस्टरवर वाचून घ्यावा, तो बेंगळुरूच्या नोंदीशी अक्षर-अक्षर ताडून पाहावा आणि तिथे दिलेले फोन स्वतः लावून बघावेत. रात्री दोन वाजता उचलणारा माणूस त्या क्रमांकावर असला पाहिजे. कार्यालयाचा लँडलाइन चालणार नाही. विमान विकलं, घेतलं, तळ बदलला, माणूस बदलला, की त्याच आठवड्यात नोंद बदलावी. नोंदणी ऑनलाइन होते, सबब सांगायला जागा नाही. डीजीसीएच्या तपासनीसांनीही बॅटरीच्या तारखेवर समाधान मानू नये, फोन लावून पाहावा.

निवडणुकीच्या काळात, लग्नसराईत, देवदर्शनाला भाड्याने हेलिकॉप्टर घेणारे कितीतरी आहेत. त्यांनी भाड्याची बोलणी करताना एवढं विचारावं, तुमच्या मशिनवर ४०६ चा बीकन आहे का आणि तो सध्या कुणाच्या नावावर आहे. गिऱ्हाईक विचारतं म्हटल्यावर कागद लगेच सरळ होतात, हा माझा अनुभव.

आणि आपल्या वार्ताहरांना विनंती. पुढच्या वेळी अशी बातमी करायची वेळ आली, ती न येवो, तर ब्लॅक बॉक्ससोबत तीन प्रश्न जरूर विचारा. बीकन कुठल्या फ्रिक्वेन्सीचा होता? त्याचा संदेश बेंगळुरूला किती वाजता पोहोचला? आणि पहिला फोन कुणी उचलला?

आपला,
एक निवृत्त विमान-रेडिओ तंत्रज्ञ
धानोरी, पुणे